सहा महिन्यांचा मुक्काम: एक वाट आणि दोन-तीन सोबती

नोकरीची बदली, एखादा अभ्यासक्रम, घरच्या कुणाचे लांबलेले उपचार किंवा मुलांकडे राहायला जाणं, यांपैकी कशानेही परक्या शहरात मुक्काम लांबला की आपण साधारण दोनच प्रकारे वागतो. एक तर पाहुण्यासारखं सगळं शहर पंधरा दिवसांत उरकायचं आणि उरलेले महिने खोलीत काढायचे. नाही तर ‘आपण इथे थोडेच कायमचे आहोत’ म्हणत पहिल्या दिवसापासूनच खोलीत बसायचं. मी दोन्ही करून पाहिलंय.

एका मुक्कामात तर पहिल्या सात आठवड्यांत बावीस ठिकाणं पाहिली होती. रीतसर यादी करून, पुढे बरोबरच्या खुणा करून. आठव्या आठवड्यात ताप भरला आणि लक्षात आलं, की या शहरात मला नावानं ओळखणारं एकही माणूस नाही. असणार कसं? त्या बावीस ठिकाणी मी एकेकदाच गेले होते. मला दुसऱ्यांदा पाहायची संधी कुणालाच मिळाली नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी आहे. आधी पायी फिरायला एक वाट धरायची. तीच वाट, त्याच वेळेला, आठवड्यातून निदान चार दिवस. बाकी शहर नंतर. देखावाही अशाच वाटेवर खरा कळतो आणि माणसंही अशाच वाटेवर भेटतात. हे जमवायचं कसं, ते क्रमानं सांगते.

पहिला आठवडा: कागदावर नकाशा काढा

मोबाइलमधला नकाशा वाट दाखवतो, पण तो डोक्यात राहत नाही. म्हणून पहिले चार दिवस रोज एका दिशेला वीस-पंचवीस मिनिटं जा, त्याच अंतरानं परत या आणि घरी आल्यावर न बघता कागदावर नकाशा काढा. वाकडातिकडा चालेल. केविन लिंच या नगररचनाकारानं बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना आपापल्या शहराचे असेच नकाशे काढायला लावले होते. १९६० मध्ये त्यानं मांडलं, की माणसाच्या मनात शहर पाच गोष्टींनी उभं राहतं: वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा.

यातली चालणाऱ्याच्या सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कडा. शहर जिथे अचानक थांबतं ती रेषा. नदीचा काठ, समुद्रकिनारा, कालवा, तलावाचा बांध, टेकडीचा पायथा, जुन्या तटबंदीची भिंत, रेल्वेरुळांची बाजू. इमारतींच्या गर्दीत नजरेला पंधरा-वीस मीटरांपुढे जागाच मिळत नाही. कडेला पोचलं की ती मोकळी सुटते. आपण ज्याला ‘छान देखावा’ म्हणतो, तो बहुतेक वेळा अशा कडेवरच असतो.

तुमच्या चार कागदांवर अशा कडा किती आल्या ते बघा. मग ‘ओपनस्ट्रीटमॅप’ उघडून राहत्या जागेभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ कल्पा आणि त्यातल्या निळ्या रेषा व हिरवे ठिपके तपासा. लोकांनीच भरलेला हा नकाशा आहे. त्यात पायवाटा, पायऱ्या, बाकं, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं अशा गोष्टी पुष्कळदा सापडतात, कारण त्या भरणारा माणूस स्वतः पायी हिंडलेला असतो.

जुन्या रहिवाशांना जरूर विचारा, पण त्यांच्या उत्तरावर थांबू नका. शहरं नवनव्या वाटा काढत असतात आणि तिथेच जन्म गेलेल्या लोकांना त्या कधीकधी ठाऊक नसतात. पॅरिसमध्ये बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर १९९३ मध्ये झाडांनी भरलेला पायी रस्ता झाला, न्यूयॉर्कमध्ये २००९ मध्ये तसाच दुसरा. सोलमध्ये तर उड्डाणरस्ता पाडून त्याखाली गाडलेला ओढा उघडा केला आणि २००५ पासून लोक त्याच्या काठानं चालतात. तुमच्या शहरात इतकं भव्य काही नसेल. एखाद्या नाल्याच्या कडेनं नुकताच बांधलेला दीड किलोमीटरचा पट्टाही खूप झाला.

वाट निवडताना

घराच्या दारापासून वाटेच्या सुरुवातीपर्यंत दहा मिनिटांहून जास्त लागत असतील, तर ती वाट रविवारची. रोजची होणार नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो म्हणून अर्धा तास प्रवास करून बागेत जाल. तिसऱ्या आठवड्यात नाही जाणार. जरा कमी सुंदर पण जवळची वाट घ्या. सुंदर-बिंदर ती नंतर होतेच.

अंतर चार ते पाच किलोमीटर असावं. सपाटीवर एकटा माणूस तासाला पाचेक किलोमीटर चालतो. गप्पा मारत चाललं तर चारच धरा. चढ असेल तर विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ मधला हिशोब अजूनही कामाला येतो. आजच्या मापात सांगायचं तर पाच किलोमीटरला एक तास आणि वर चढायच्या दर शंभर मीटरमागे दहा मिनिटं जादा. टेकडीवर सूर्यास्त बघायचा असेल तर हा हिशोब आधी करून निघा, नाही तर सूर्य बुडाल्यावर धापा टाकत वर पोचाल.

वाट गोल असावी की जाऊन-येऊन? मला जाऊन-येऊन आवडते. त्याच जागा उलट दिशेनं पाहिल्या की वेगळ्याच दिसतात, आणि जाताना समोरून आलेला माणूस येताना पुन्हा दिसू शकतो. तलावाभोवतीची गोल वाट असेल तर एक बारकावा आहे. सगळे ज्या दिशेनं चालतात त्याच दिशेनं, त्याच वेगानं तुम्ही चाललात, तर पूर्ण फेरीत तुम्हाला पुढच्याची पाठ आणि तीच पाठ एवढंच दिसणार. उलट्या दिशेनं चाला. एका फेरीत प्रत्येक जण दोनदा समोर येतो. दिशेची पाटी लावलेली असेल तर मात्र ती पाळा. चेहरा ओळखीचा होण्याआधी वाईट नजरेत कशाला भरायचं?

मोठ्या रस्त्याच्या कडेची वाट टाळलेली बरी. एक गल्ली आत शिरलं तरी धूर आणि आवाज दोन्ही बरेच कमी होतात, आणि शेजारी चालणाऱ्याचं बोलणं ऐकू येतं. वाटेत बसायला निदान एक बाक हवं, एक स्वच्छतागृह हवं आणि मध्येच पाऊस आला किंवा पाय मुरगळला तर घरी परतायला बसथांबा किंवा स्टेशन जवळ हवं.

बुटांबद्दल एकच सांगते: संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी चपखल बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा ठेवा.

आणि पावलं मोजू नका. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून आला; त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. तब्येतीसाठी मोजायचंच असेल तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, त्यात हे चालणं बसून जातं. पण सारखं मनगटाकडे बघणाऱ्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही.

वेळ: रोज घड्याळाची, रविवारी सूर्याची

इथे एक पेच आहे. माणसं घड्याळानं बांधलेली असतात. सकाळी सव्वासहाला फिरणारा माणूस वर्षभर सव्वासहालाच फिरतो. देखावा मात्र सूर्यावर चालतो आणि सूर्य रोज थोडा सरकतो. दोन्ही एकदम साधत नाही. म्हणून कामाच्या दिवशी घड्याळ पाळा, म्हणजे ठरावीक चेहरे दिसतील. आणि सुट्टीच्या दिवशी उजेड बघून निघा.

सकाळी शक्यतो पश्चिमेकडे तोंड करून सुरुवात करा. ऊन पाठीवर राहतं आणि समोरच्या इमारती, झाडं, पाणी उजळलेलं दिसतं. संध्याकाळी पूर्वेकडे. सूर्य मावळल्याबरोबर घरी पळणारे लोक मला कळत नाहीत. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतो तोवर दिव्याशिवाय सगळं दिसतं. विषुववृत्ताजवळ हा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, उत्तरेच्या शहरांत उन्हाळ्यात तो चांगला लांबतो. आकाशात निळा रंग उरलेला असताना खिडक्यांतले दिवे लागतात, ती पंधरा मिनिटं कुरूप शहरालाही शोभून दिसतात.

मुक्काम समुद्रकाठी असेल तर तिसरं घड्याळही लागेल. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते. आज सकाळी सहाला काठोकाठ पाणी असेल, तर आठवड्याभरानं त्याच वेळेला तिथे ओली वाळू आणि उघडे पडलेले खडक असतील. एकाच वाटेवर कंटाळा येईल असं वाटणाऱ्यांनी हा आठवडा एकदा पाहावा. फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. खडकांवरून लांब गेलात तर परतीच्या पाण्याचं भान ठेवा.

ओळखीचे अनोळखी

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये एक गोड प्रयोग मांडला. रेल्वेच्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या लोकांचे फोटो काढले आणि ते त्याच लोकांना दाखवून विचारलं, यांतलं कोण ओळखीचं आहे? प्रत्येकाला सरासरी चार चेहरे असे निघाले, की जे रोज दिसतात पण ज्यांच्याशी कधीच बोलणं झालेलं नाही. त्यानं त्यांना ‘ओळखीचे अनोळखी’ म्हटलं.

परगावी आलेल्या माणसाचं पहिलं भांडवल हेच. मैत्री करायला निघू नका. आधी कुणाचे तरी ओळखीचे अनोळखी व्हा. त्यासाठी तुम्ही सहज लक्षात राहायला हवं. तीच वेळ, तीच दिशा, आणि जमलं तर तीच टोपी. कानातली बोंडं काढून ठेवा. ती लावलेल्या माणसाला हाक मारणं म्हणजे बंद दारावर थाप मारण्यासारखं वाटतं.

पहिला आठवडा नुसतं बघा. दुसऱ्या आठवड्यात मान डोलवा. तिसऱ्यात एखादा शब्द. घाई केली तर समोरचा बिचकतो, आणि फार लांबवलं तर न बोलण्याचाच करार झाल्यासारखं होऊन बसतं. दोन महिने मुक्यानं गेल्यावर अचानक बोलायला दोघांनाही अवघड जातं.

माझ्या नंतरच्या एका मुक्कामात नदीवर पायी चालणाऱ्यांचा अरुंद पूल होता. पुलाच्या मध्यावर रोज सव्वासहाला एक आजोबा असायचे. दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवून खाली पाण्याकडे बघत. शेजारी कापडी पिशवी, तिच्यातून दुर्बिणीचा पट्टा लोंबत असायचा. मी त्यांच्या मागून जायचे. पूल इतका अरुंद, की जाताना मला जरा तिरकं व्हावं लागे आणि ते न बघता पिशवी पायाजवळ ओढून घेत. दहा-बारा दिवस आमची एवढीच ओळख. मग मान हलू लागली. तिसऱ्या आठवड्यात कामामुळे मी तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी मी जवळ आल्यावर ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, “तीन दिवस नव्हतात. मंगळवारी खंड्या आला होता.”

त्या ‘नव्हतात’ शब्दावर मी पुढचा अर्धा किलोमीटर चालले.

मिलग्रॅमचंच आणखी एक निरीक्षण उपयोगी आहे: हे ओळखीचे अनोळखी नेहमीच्या जागेपासून दूर कुठे भेटले की एकमेकांशी बोलण्याची शक्यता वाढते. त्याच आजोबांची मला एकदा औषधाच्या दुकानात गाठ पडली आणि पुलावर महिन्याभरात झालं नव्हतं एवढं बोलणं तिथल्या रांगेत दहा मिनिटांत झालं. तेव्हा असा चेहरा टपालघरात, वाचनालयात, बसमध्ये दिसला तर संधी सोडू नका. “आपण पुलावर भेटतो ना?” इतकं पुरे.

पहिलं वाक्य

बोलायचं काय? जागेबद्दल बोला. स्वतःबद्दल सांगू नका, त्यांच्याबद्दल विचारू नका. आणि माहितीपेक्षा मत विचारा. ‘बाग किती वाजता बंद होते’ याला एका शब्दाचं उत्तर आहे, शिवाय ते पाटीवर लिहिलेलं असतं. ‘सूर्यास्त इथून चांगला दिसतो की पलीकडच्या काठावरून?’ याला मत लागतं, आणि आपल्या गावाबद्दल मत द्यायला कोण नाही म्हणतं?

संकोच वाटणारच. त्यावर दोन अभ्यास मला धीर देतात. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या लोकलगाडीतल्या काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. असा प्रवास कसा होईल असं विचारल्यावर लोकांचा अंदाज होता, की बोलणाऱ्यांचा प्रवास कंटाळवाणा होईल. झालं उलटं, बोललेल्यांचाच प्रवास जास्त मजेत गेला. दुसरा अभ्यास २०१८ चा, एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा: पहिल्या भेटीनंतर ‘मी समोरच्याला कितपत आवडलो’ याचा अंदाज माणसं सरसकट कमी लावतात. म्हणजे घरी येऊन ‘काय बावळटासारखं बोललो’ म्हणून जीव खाता, तेव्हा समोरचाही आपल्या बोलण्याबद्दल तेच करत असतो.

भाषा वेगळी असेल तर पाच वाक्यं पाठ करा: नमस्कार, आज हवा छान आहे, हे झाड कोणतं, उद्या येणार का, आणि हळू बोला मी शिकतेय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. शिकवायला मिळालं की माणसं खुलतात, आणि चुका दुरुस्त करता करता रोजचा एक विषयच होऊन जातो.

तासांचा हिशोब आणि बोलावणं

आता गणित. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतंच नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांना त्यांनी विचारलं, नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि नातं कुठवर आलं. निघालं ते असं: नुसत्या तोंडओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. कामाच्या ठिकाणी एकत्र घालवलेले तास यात फारसे मोजले जात नाहीत. ऑफिसात रोज आठ तास शेजारी बसूनही गट्टी का जमत नाही, याचं हे एक उत्तर.

हे आपल्या मुक्कामाला लावून बघा. आठवड्यातून दोनदा सव्वा-सव्वा तास एका माणसाबरोबर चाललात तर अडीच तास. सहा महिन्यांत, म्हणजे २६ आठवड्यांत, ६५ तास. त्यात महिन्याला एक चार तासांची मोठी फेरी घातली तर आणखी २४. झाले ८९. म्हणजे सहा महिन्यांत एक-दोन माणसांशी खरी मैत्री होऊ शकते, पण पहिल्या महिन्यातच सुरुवात केली तर. चौथ्या महिन्यात जाग आली तर निघायच्या वेळेला तुम्ही जेमतेम तोंडओळखीपलीकडे गेलेले असाल. आणि हे तास दहा जणांत वाटून टाकलेत तर हाती काहीच लागत नाही. दोन-तीन माणसं धरा.

ही माणसं शक्यतो जवळ राहणारी असू द्या. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये मांडला. अगदी शेजारच्या दारातल्या लोकांपैकी ४१ टक्क्यांशी घनिष्ठ मैत्री, तर त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांशी. आणि मधलं अंतर किती? चालायला मिनिटभरसुद्धा नाही. सूर जुळतो म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचा सोबती धरलात तर प्रत्येक भेटीला बेत आखावा लागेल, आणि बेत मोडतात.

बोलावताना मोघम बोलू नका. ‘कधीतरी जाऊ या’ म्हणजे कधीच नाही. असं म्हणा: “रविवारी सकाळी सातला मी पुलाच्या या टोकापासून धरणापर्यंत जाणार आहे. साडेआठपर्यंत परत. येता का?” यात दिवस आहे, जागा आहे, संपण्याची वेळ आहे, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तसेही जाणारच आहात. समोरच्याला नकार द्यायला अवघडल्यासारखं होत नाही. नाही म्हणाले तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारा. तिसऱ्यांदा नको.

पहिली भेट छोटी ठेवा. आणखी जरा चालायला हवं होतं असं दोघांना वाटत असताना निरोप घ्या.

बरोबर चालताना

चालताना बोलणं सोपं जातं, कारण समोरासमोर बसलेलं नसतं. नजर पुढे असते, गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही, आणि अवघड गोष्ट सांगायची असेल तर पाण्याकडे बघत सांगता येते. फक्त वेग हळू चालणाऱ्याचा. दोघांत एक जण सारखा दोन पावलं पुढे असेल तर ती सोबत नसते, मिरवणूक असते.

तिघे असतील तर अरुंद वाट टाळा. तिसरा मागे पडतो आणि तोच पुढच्या वेळी येत नाही.

गटात शिरायचं तर काम मागून घ्या

एकेका माणसाला गाठायचा धीर होत नसेल तर चालणाऱ्यांचे गट असतात. ‘पार्करन’ हा उपक्रम २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंवर सुरू झाला आणि आता बऱ्याच देशांत पसरला आहे. दर शनिवारी पाच किलोमीटर, मोफत, आणि चालत आलं तरी चालतं. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी चालतो, त्यामुळे आपण कधीच शेवटचे नसतो. टोरांटोत २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेन्स वॉक’मध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला रहिवासीच आपला मोहल्ला पायी हिंडून दाखवतात. झाडा-पक्ष्यांची आवड असेल तर ‘सिटी नेचर चॅलेंज’ आहे: २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या चुरशीतून निघालेला, एप्रिलच्या अखेरीस जगभरच्या शहरांत होणारा, वन्यजीवांच्या नोंदींचा उपक्रम.

पण नुसतं हजर राहून फार काही होत नाही. शंभर लोकांत एक चेहरा. पहिल्याच दिवशी आयोजकांना विचारा, “मी काय करू?” यादीवर खुणा करायच्या, मागून येणाऱ्यांना वळण दाखवायचं, फोटो काढायचे, काहीही. काम असलेल्या माणसाशी बोलायला लोकांना कारण मिळतं. आणि एकच गट निवडून सलग सहा वेळा जा. दर आठवड्याला नवा गट म्हणजे माझी ती बावीस ठिकाणांचीच यादी झाली.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास

एक दिवस सगळं फिकं वाटायला लागतं. वाट पाठ झालेली, माणसं अजून अर्धवट ओळखीची, आणि घरची आठवण. हे ठरल्यासारखं येतं. स्वेर लिसगार यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांचे अनुभव तपासले, तेव्हा परक्या ठिकाणी रुळण्याचा आलेख त्यांना वाडग्यासारखा दिसला: आधी उत्साह, मग घसरण, मग चढ. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या आहेत. पण घसरणीच्या दिवसांत वाट बदलायची उबळ येते, ती आवरा.

बदलायचं असेल तर आधी दिशा बदला, मग वेळ. किंवा वाटेवरची एकच गोष्ट धरून तिच्या मागे लागा. मी एका मुक्कामात सबंध महिना फक्त पुलाखालच्या पाण्याची पातळी खांबावरच्या दगडांवर मोजली. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. पण सातव्या दगडापर्यंत पाणी चढलं त्या दिवशी ते सांगायला माझ्याकडे माणूस होतं.

थोडी सावधगिरी

नव्या ओळखीत राहत्या इमारतीचं नाव, खोलीचा क्रमांक, एकटी राहते हे सांगू नका. ‘तलावाच्या बाजूला’ इतकं पुष्कळ. पहिल्या चार-पाच भेटी वर्दळीच्या वाटेवर आणि उजेडात. निघताना घरी किंवा मैत्रिणीला वाट आणि परतायची वेळ कळवा. वाट सुंदर आहे पण एकही खिडकी तिच्याकडे उघडत नसेल, तर संध्याकाळी तिथे एकटीनं जाऊ नये, असा माझा नियम आहे. आणि एखाद्याबरोबर चालताना मन सारखं घड्याळाकडे जात असेल तर कारणं शोधत बसू नका, काम निघालं म्हणून वळा.

निघायची वेळ आली की

शेवटच्या दिवशी निरोप घेऊ नका. तो दिवस सामान बांधण्यात जातो, आणि रोज दिसणारी माणसं नेमकी त्याच दिवशी आलेली नसतात. दोन आठवडे आधी सांगून टाका. त्याने राहिलेल्या फेऱ्यांना वजन येतं आणि ‘तुला ते वरचं वळण दाखवायचं राहिलंय’ म्हणत लोक आपणहून बोलावतात.

फोन नंबर तेव्हाच घ्या. ‘संपर्कात राहू’ म्हणू नका. एखादा बारीकसा विषय ठरवून घ्या, ज्याबद्दल एका ओळीत कळवता येईल. नदीचं पाणी, कोपऱ्यावरचं झाड फुललं की नाही, नवीन बाक कुठे बसवलं. वाटेचे फोटो काढाल तेव्हा देखाव्यांबरोबर कठडा, पाटी, पायऱ्यांची झीज यांचेही काढा. सूर्यास्त पुढेही दिसतील, तो कठडा दिसणार नाही. तुमच्यानंतर कुणी नवखं त्या भागात राहायला येणार असेल तर एकदा बरोबर नेऊन नेहमीच्या चेहऱ्यांशी गाठ घालून द्या.

मी निघाले तेव्हा आजोबांना माझ्या जागी येणाऱ्या मुलीची ओळख करून दिली. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पिशवी पायाजवळ ओढून घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा निरोप येतो, एकाच ओळीचा. परवाचा होता, “आज दोन होते.”